न दुखणारी गाठ : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मागच्या अंकात स्तनाच्या कॅन्सरवर अर्ध्या पानाचं टिपण छापलं होतं. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच: ‘तशी दुखत नाही.’ म्हणून तसं लिहिलेल्या एका पत्रापासून सुरुवात केली आहे. नावं छापलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : वय ४६. द्राक्षबागेत कामाला जाते. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी आंघोळ करताना डाव्या छातीत वरच्या अंगाला, काखेकडं, गाठ हाताला लागली. तेव्हा वाटाण्याएवढी होती, आता सुपारीएवढी वाटते. अजिबात दुखत नाही. सासूबाई हळद उगाळून लेप लावायला सांगतात. सध्या थिनिंग-डिपिंग (घडातले मणी विरळ करणं, घड द्रावणात बुडवणं) चालू आहे, खाडा करता येत नाही. माल गेल्यावर दाखवलं तर चालेल का?
— तासगाव तालुका

उत्तर : नाही ताई, चालणार नाही. माल जाईपर्यंत अजून दोन-तीन महिने जातील. याच आठवड्यात खाडा करा आणि दाखवून या.

ही गाठ कॅन्सरचीच आहे असं आम्ही म्हणत नाही. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी एकत्र आल्या की थांबता येत नाही: वय चाळिशीच्या पुढं, गाठ नवी, ती वाढते आहे आणि दुखत नाही. जागाही बघा. काखेकडच्या वरच्या भागात स्तनातलं दुधाच्या ग्रंथींचं ऊतक सगळ्यांत जास्त असतं, म्हणून साधारण निम्मे कॅन्सर तिथंच निघतात.

न दुखण्याचं कारण साधं आहे. पू झाला, सूज आली, ताण पडला की दुखतं. कॅन्सरच्या पेशी सुरुवातीला यातलं काहीच करत नाहीत, गुपचूप वाढतात. दुखायला लागते तोवर बऱ्याचदा गाठ कातडीला किंवा खालच्या स्नायूला चिकटलेली असते. म्हणजे ‘दुखत नाही’ या गोष्टीनं धीर मिळायला नको, उलट पाय दवाखान्याकडं वळायला हवेत.

आकाराचा हिशोबही ध्यानात घ्या. २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ डॉक्टर लहान धरतात, २ ते ५ मधली, ५ च्या वरची मोठी. सुपारी साधारण २ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे तुम्ही पहिल्या पायरीच्या काठावर आहात. कॅन्सर निघालाच, तरी या आकाराला बहुतेक वेळा पूर्ण स्तन न काढता गाठीपुरतं ऑपरेशन होऊ शकतं. देशातल्या ११ कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या आकडेवारीत, रोग स्तनापुरता असताना सापडलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ८१ जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेत किंवा आजूबाजूला पोचल्यावर हा आकडा ६५ च्या आसपास येतो, लांबच्या अवयवात पोचल्यावर १८ वर. तासगावच्या बागेत थिनिंगला आठ दिवस उशीर झाला तर मणी कसे दाटतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

हळदीचा लेप लावू नका. सासूबाई काळजीनं सांगत असतील, पण लेप कातडीच्या वर राहतो आणि गाठ आत असते. त्यात चुना मिसळला तर कातडी भाजते, लाल होते. मग ती लाली गाठीमुळं आहे की लेपामुळं, हे तपासणाऱ्याला कळत नाही. शेकणं, चोळणं, मालिश करणं हेही बंद ठेवा.

आता जायचं कुठं? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून चिठ्ठी घ्या. थेट जायचं असेल तर सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा मिरजेचंच श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे. सातारा जिल्ह्यातल्या बायकांना साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि कराडचं कृष्णा रुग्णालय जवळ पडतं. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) चालू आहे का आणि सर्जनची ओपीडी कोणत्या वारी असते, एवढं विचारून घ्या. यातच बायकांचे दोन-दोन हेलपाटे वाया जातात, आणि तिसऱ्यांदा त्या जात नाहीत.

डॉक्टरांसमोर बसल्यावर चार गोष्टी न विचारता सांगा: गाठ पहिल्यांदा कधी लागली, तेव्हा केवढी होती, शेवटची पाळी कधी आली, घरात माहेरकडून कुणाला कॅन्सर होता का. मग क्रम असा असतो: हातानं तपासणी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, त्यानंतर सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय ‘काही नाही, जा’ या शब्दावर घरी येऊ नका. मॅमोग्राफीत साधारण आठांतला एक कॅन्सर दिसत नाही. म्हणून फोटो साफ आला पण गाठ हाताला लागतेच आहे, तर सुईची तपासणी सोडायची नाही. हे तुम्ही स्वतः विचारलं तरी त्यात उर्मटपणा नाही.

प्रश्न : वय ४२, शिक्षिका. काहीच तक्रार नाही. मॅमोग्राफी करावी का? कधीपासून, किती वर्षांनी? मैत्रिणी म्हणतात फार दुखतं आणि किरणांमुळंच कॅन्सर होतो. एका शिबिरात मात्र ‘बिनस्पर्श, बिनकिरणांची उष्णतेची तपासणी’ करून देत होते.
— कराड

उत्तर : तक्रार नसताना जी करतात तिला चाळणी तपासणी म्हणतात, इंग्रजीतलं स्क्रीनिंग. गाठ लागल्यावर करतात ते निदान. हा फरक आधी पक्का करा, कारण चाळणीच्या वयाचे आणि वर्षांचे नियम गाठ लागलेल्या बाईला लागू नाहीत. तिचं वय २५ असो की ७५, तिला लगेच जायचं आहे.

तुमच्यासारख्या तक्रार नसलेल्या बाईसाठी आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ या वयात दर ५ वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेकडून किंवा डॉक्टरकडून हातानं तपासणी सांगितली आहे. मॅमोग्राफी त्यात सरसकट नाही. अमेरिकेतल्या शिफारशींत ४० ते ७४ या वयात दर २ वर्षांनी मॅमोग्राफी आहे. जागतिक आरोग्य संघटना सोयीसुविधा भरपूर असलेल्या देशांसाठी ५० ते ६९ या वयावर भर देते. आमचं मत असं : परवडत असेल आणि जवळ मशीन असेल, तर चाळिशीनंतर दर २ वर्षांनी मॅमोग्राफी करावी. परवडत नसेल तर खंत करत बसू नका, पण हातानं तपासणी चुकवू नका. त्या तपासणीला कमी लेखण्याचं कारण नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ साली सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली. २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासलेल्या बायकांमध्ये रोग आधीच्या पायरीवर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात. प्रत्येक बाजूचे दोन फोटो निघतात, एक वरून खाली आणि एक तिरकस, एकूण चार. दाब प्रत्येक फोटोला काही सेकंदच असतो. दाबायचं कारण म्हणजे ऊतक पसरतं, एकावर एक थर येत नाहीत, फोटो हलत नाही आणि किरणही कमी लागतात. पाळी येण्याआधीच्या आठवड्यात स्तन हुळहुळे असतात, तेव्हा जाऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास गेलात तर त्रास बराच कमी होतो. त्या दिवशी काखेत पावडर, डिओडरंट, मलम काही लावू नका, कारण त्यातले कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि कॅन्सरचे चुन्यासारखे बारीक ठिपकेही तसेच दिसतात. साडी किंवा दोन भागांचा ड्रेस घाला, म्हणजे वरचंच काढावं लागेल. मंगळसूत्र आधीच काढून पिशवीत ठेवा. किरणांचं प्रमाण इतकं थोडं असतं की निसर्गातून आपल्या अंगावर काही आठवड्यांत येतं तेवढंच.

रिपोर्टच्या तळाशी ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढं एक आकडा असतो. तिथूनच वाचायला सुरुवात करा. १ म्हणजे साफ. २ म्हणजे काहीतरी दिसतं पण निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा साधंच, कॅन्सरची शक्यता १०० त २ च्या आत, म्हणून सहा महिन्यांनी परत फोटो. ४ आणि ५ म्हणजे सुईची तपासणी करायचीच. सगळ्यांत घोटाळा शून्याचा होतो. शून्य आकडा बघून बायका पेढे वाटतात. शून्याचा अर्थ ‘फोटो अपुरा, अजून फोटो किंवा सोनोग्राफी करा’ असा आहे. परत बोलावलं म्हणून घाबरूही नका, परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. जुने फोटो आणि सीडी फेकू नका. मागच्या फोटोशी ताडून बघितल्यावरच नवा ठिपका नवा आहे हे कळतं.

उष्णतेच्या तपासणीबद्दल : ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात ‘नॉर्मल’ आलं म्हणून मॅमोग्राफी किंवा हातानं तपासणी सोडणं हाच तिचा खरा धोका.

प्रश्न : वय २९. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही छाती जड होतात, दुखतात, बारीक दाणे लागल्यासारखं वाटतं. पाळी आली की कमी होतं. खूप भीती वाटते.
— वाई

उत्तर : दोन्ही बाजूंना, पाळीबरोबर येणारं आणि पाळीबरोबर जाणारं दुखणं हे संप्रेरकांच्या चढउताराचं असतं, कॅन्सरचं नव्हे. नीट बसणारी ब्रा घाला. पाळी संपल्यावर एकदा हातानं तपासून घ्या. एकाच जागी, एकाच बाजूला काही राहत असेल आणि पुढच्या पाळीनंतरही गेलं नाही, तर सोनोग्राफी करा. तुमच्या वयात मॅमोग्राफी पहिली नसते. तरुण स्तन दाट असतो, फोटोत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळं गाठ हरवते.

प्रश्न : आशाताई घरी आल्या होत्या, छातीत गाठ आहे का, रक्त येतं का असं घरच्यांसमोर विचारलं. लाज वाटली, नाही म्हणून सांगितलं. आता उपकेंद्रात तपासणीला बोलावतात. तिथं काय करतात? पुरुष डॉक्टर असले तर?
— माण तालुका

उत्तर : त्या जो फॉर्म भरतात तो तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात. त्यात बायकांना स्तनातली गाठ, बोंडीतून रक्तासारखा स्राव, स्तनाच्या आकारात बदल आणि अंगावरून जाण्याविषयी प्रश्न आहेत. घरच्यांसमोर उत्तर देता येत नसेल तर आशाताईंना अंगणात वेगळं बोलवा, किंवा उपकेंद्रात जाऊन उत्तर बदलून घ्या. फॉर्म खोडता येतो.

तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. आधी बसवून बघतात: हात खाली, हात डोक्यावर, मग हात कमरेवर दाबून. हात वर केल्यावर एखाद्या जागी कातडी आत ओढली गेली, खळी पडली, तर तिथं आत काहीतरी धरून ठेवतंय असं समजतात. मग झोपवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, नांगरटीच्या तासांसारखं वरून खाली आणि खालून वर, गळ्याच्या हाडापासून छातीखालच्या घडीपर्यंत. प्रत्येक जागी तीनदा दाबतात, हलकं, मध्यम आणि जोरात, कारण गाठ कातडीलगत असू शकते तशी बरगडीलगतही असू शकते. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा. कुणी पदरावरून हात फिरवून अर्ध्या मिनिटात सोडलं, तर ती तपासणी झाली असं समजू नका.

आरोग्यसेविका बाई असतात. डॉक्टर पुरुष असतील तर सोबत बाई हवी, असं सांगायचा तुमचा हक्क आहे. त्याच भेटीत तोंडाची तपासणीही करून घ्या. आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टाही दुखत नाही. गर्भाशयमुखाची तपासणीही त्याच कार्यक्रमात होते.

घरी काय करावं हेही यात आलंच. दर महिन्याला तारीख धरून स्वतः तपासण्याचा शांघायमध्ये मोठा अभ्यास झाला, कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर. २००२ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, मात्र वाढल्या. म्हणून आम्ही त्याचा धाक घालत नाही. आपली छाती नेहमी कशी असते हे आंघोळीच्या वेळी हाताला माहीत असावं, एवढं पुरे. बदल लगेच ओळखू यावा: नवी गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड, बोंडी नव्यानं आत ओढलेली, बोंडीवर खरूज मलमानं बरी न होणारी, आपोआप येणारा रक्ताचा स्राव, काखेत गाठ.

प्रश्न : आईला (वय ५८) डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे. भावकीतले सगळे म्हणतात, सुई लावली की कॅन्सर पसरतो. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, सुई नको, छोटं ऑपरेशन करून गाठच काढून टाकू, भूल देऊन तासाभरात मोकळ्या. काय करावं?
— पलूस तालुका

उत्तर : सुई लावा, गाठ अशी काढू नका. हे उत्तर आम्ही जरा सविस्तर देतो, कारण इथं झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

सुईमुळं स्तनाचा कॅन्सर पसरून आयुष्य कमी होतं, असं कुठंही दिसलेलं नाही. भावकीत जो अनुभव सांगतात तो बहुधा असा असतो : गाठ आधीच पुढच्या पायरीवर होती, सुई लावली, रिपोर्ट आला, मग पैशासाठी आणि भीतीनं दोन-तीन महिने गेले, आणि रोग वाढला. रोग वाढला तो त्या महिन्यांत. नाव मात्र सुईचं झालं.

सुया दोन प्रकारच्या असतात. बारीक सुईनं फक्त पेशी ओढतात. जाड सुईनं, जिला कोअर बायोप्सी म्हणतात, शेवईसारखे बारीक तुकडे निघतात. आईसाठी दुसरी हवी. जागा बधिर करतात, दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात. टाचणीयंत्रासारखा ‘टक’ आवाज होतो, तो होणार हे आईला आधी सांगून ठेवा. चार-पाच तुकडे घेतात, मग दहा मिनिटं दाबून धरतात. टाका लागत नाही. थोडं काळंनिळं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

तुकडे निघाल्यावर लगेच फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत गेले पाहिजेत. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवून संध्याकाळी लॅबला पाठवले तर पेशी कुजतात आणि पुढची तपासणी चुकते. बाटलीवर नाव, वय, बाजू आणि वेळ लिहिली आहे का बघा. बाटली तुमच्या हातात देऊन ‘लॅबला पोचवा’ म्हणाले, तर गाडी तशीच लॅबकडं न्या.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. कॅन्सर असेल तर ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी संप्रेरकांवर वाढतात का) आणि हर-टू (पेशी वाढवणारं प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या त्याच तुकड्यावर होतात, त्यांना आणखी काही दिवस लागतात. त्यांवरून गोळ्या चालणार की इंजेक्शन लागणार आणि केमो आधी की ऑपरेशन आधी, हे ठरतं. हर-टू ‘२ अधिक’ आलं तर ते धड हो नाही, धड नाही नाही. फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. लॅबकडं तुकड्याचा मेणाचा ठोकळा असतो, तो दुसऱ्या मतासाठी मागून घेता येतो.

आता घाईनं गाठ काढली तर काय बिघडतं? कडेला पेशी राहतात. चीर चुकीच्या जागी पडते, मग स्तन वाचवता आला असता तिथं सगळा काढावा लागतो. काखेची तपासणी होत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासायलाच पाठवली जात नाही. ‘गाठ काढली, संपलं’ म्हणून बाई घरी जाते आणि वर्षानं काखेत गाठ घेऊन येते. स्तन ठेवून फक्त गाठ काढणं आणि नंतर शेक (मशीननं किरणोपचार) देणं, हे आयुर्मानाच्या दृष्टीनं पूर्ण स्तन काढण्याइतकंच चांगलं आहे. मिलानच्या आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये ते पक्कं झालं. पण ते ऑपरेशन आधी निदान करून, आखून केलेलं असावं लागतं.

प्रश्न : थोरल्या बहिणीला ३८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, उपचार चालू आहेत. आमच्या सख्ख्या आत्या अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या. मी ३३ वर्षांची. आत्या वडिलांकडच्या, म्हणून त्यांचा संबंध नाही असं सगळे म्हणतात.
— सातारा

उत्तर : संबंध आहे. सदोष जनुक वडिलांकडूनही तेवढंच येतं. १०० पैकी ५ ते १० स्तनाचे कॅन्सरच वारशानं येतात, पण कमी वयातला स्तनाचा आणि त्याच घरात अंडाशयाचा, अशी जोडी दिसली की बीआरसीए १ आणि २ या जनुकांची तपासणी करायला हवी. आधी बहिणीची करा, तुमची नव्हे. तिच्या रक्तात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तोच दोष शोधता येतो, आणि तो असण्याची शक्यता निम्मी. तो नसेल तर तुम्ही इतर बायकांसारख्याच. असेल तर दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, आणि पुढं अंडाशयाबद्दलही निर्णय. टाटा रुग्णालयात जनुकीय समुपदेशनाचा वेगळा विभाग आहे. तपासणी तिथं समजून घेऊनच करा, घरबसल्या किट मागवून नको. तोवर या वर्षी एकदा सर्जनला दाखवा. घरातल्या सर्वांत लहान रुग्णाच्या वयापेक्षा १० वर्षं आधी पाळत सुरू करतात, पण मॅमोग्राफी तिशीच्या आत सहसा नाही. तुमची वेळ झालेली आहे.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. उजव्या छातीत गाठ झाली, लाल झालं, ताप आला. औषधानं ताप गेला, गाठ तशीच आहे. सगळे दुधाची गाठ म्हणतात.
— वाळवा तालुका

उत्तर : बहुधा दुधाचीच. पण औषधांचा कोर्स पूर्ण होऊन दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर सोनोग्राफी करा, आणि तिच्यात नुसतं दूध किंवा पू दिसला नाही तर सुईची तपासणी. अंगावर पाजत असताना दोन्ही करता येतात, बाळाला अंगावरून तोडायची गरज नाही. तपासणीआधी पाजून घ्या म्हणजे छाती मोकळी होते.

प्रश्न : माझे पती, वय ६१. एका बोंडीच्या मागं कडक गाठ आहे. पुरुषांना असतो का?
— कोरेगाव

उत्तर : असतो, एकूण स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १ टक्का. काही औषधांमुळंही बोंडीमागं सूज येते, म्हणून चालू गोळ्या सोबत न्या. तपासण्या त्याच आणि क्रमही तोच. त्यांना लाज वाटत असेल तर तुम्ही सोबत जा.

प्रश्न : उपचाराला पैसे कुठून आणायचे? वहिनीचा रिपोर्ट कॅन्सरचा आलाय. शेत गहाण ठेवायची बोलणी चालली आहेत.
— शिराळा

उत्तर : शेत गहाण ठेवायच्या आधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बघा. वर्षाला कुटुंबामागं ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, डॉक्टरांच्या आधी तिथं जा. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट घेऊन जा. दोन्ही कार्डांवरचं नाव सारखं आहे का ते घरीच ताडून बघा. माहेरचं-सासरचं नाव, वय यातल्या फरकानं मंजुरी अडकते. मंजुरी उपचारांच्या आधी घ्यायची असते. पैसे भरून नंतर परत मागायची ही योजना नाही. शंका असेल तर १५५३८८ वर विचारा. गाडीभाडं आणि मुक्काम मात्र योजनेत धरून चालू नका. शेक बऱ्याचदा १५ दिवसांचा असतो, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे तीन आठवडे. शिराळ्याहून रोज ये-जा करण्यापेक्षा रुग्णालयाजवळ खोली बघितलेली बरी. मध्येच दिवस चुकवलेला शेक पुरता लागू पडत नाही.

प्रश्न : आमचा बचत गट गावात तपासणी शिबिर घ्यायचं म्हणतोय. गावातल्या बऱ्याच बायका ऊसतोडीला जातात. कधी घ्यावं, काय तयारी लागते?
— जत तालुका

उत्तर : फार चांगलं. तारीख आधी. ऑक्टोबर हा स्तन कॅन्सरच्या जागृतीचा महिना म्हणून सगळीकडं शिबिरं होतात, पण तुमच्याकडं दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात. ऑक्टोबरात कुणाला गाठ सापडली तर ती बाई पुढचे पाच महिने उसाच्या फडात असेल. बेंदूर झाला की, श्रावणात घ्या. दोन महिने हातात राहतात, तेवढ्यात सुईची तपासणी आणि रिपोर्ट दोन्ही होतात.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन आरोग्यसेविका मागा. एका सेविकेकडून नीट तपासून दिवसाला ३०-३५ बायकाच होतात. शंभर जणींना बोलावून उरकू नका, दोन दिवस घ्या. शाळेची खोली चालेल, पण खिडक्यांना चादरी लावा, एक कॉट, एक खुर्ची, हात धुवायला पाणी आणि दाराशी गटातलीच एक बाई. फोटो काढायला, भाषण द्यायला त्या खोलीत कुणी नको. तिशीपुढच्या सगळ्या बोलवा, आणि साठीपुढच्या म्हाताऱ्या आधी. त्या ‘आता आमचं काय’ म्हणून मागं राहतात, आणि धोका वयानं वाढतो.

ज्यांना पुढं पाठवायचं त्यांच्यासाठी रुग्णालयाचा वार ठरवून एक गाडी आधीच बोलून ठेवा. गाडी ठरली नसेल तर शिबिराची तारीख पुढं ढकला. आणि एक वही ठेवा. नाव, वय, फोन, काय सापडलं, कुठं पाठवलं, कोणत्या तारखेला गेली, रिपोर्ट आला का. शेवटचा रकाना कोण भरणार त्या बाईचं नाव शिबिराच्या आधीच ठरवा, आणि तो रकाना भरेपर्यंत दर आठवड्याच्या बैठकीत वही उघडा.